लाजाळू निर्ढावली, की नुसतीच थकली?

पोलादी पट्टीवरून सरकत एक कुंडी १५ सेंटीमीटर खाली येते आणि फोमच्या गादीवर धप्पकन बसते. कुंडीतली लाजाळू पानं मिटून घेते. पाच सेकंद जातात. कुंडी वर, पुन्हा खाली. परत वर, परत खाली. असं एका फेरीत ६० वेळा. चारपाच वेळा आपटून झाल्यावरच काही झाडं मिटलेली पानं पुन्हा उघडायला लागतात, आणि फेऱ्या सरत जातात तशी ती उघडीच राहतात. कुंडी आदळतेय आणि लाजाळू ढिम्म.

एखादं पोर रोज ओरडा खाऊन ऐकेनासं झालं की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "निर्ढावलंय मेलं." या प्रयोगाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात आलेला शब्द तोच होता. पुढे लक्षात आलं की सगळं प्रकरण अशा शब्दांवरच अडून बसलंय. झाड निर्ढावलं, की थकलं, की बधिर झालं? मराठीत यांची क्रियापदं वेगळी आहेत, पण लाजाळूच्या बाबतीत तिन्ही वेळा डोळ्यांना दिसतं ते एकच: पान मिटत नाही.

प्रयोग करणाऱ्या मोनिका गाल्यानो पर्थच्या युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियात होत्या. शिक्षण आणि सुरुवातीचं काम समुद्री प्राण्यांवरचं, वनस्पतिशास्त्रातलं नव्हे. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारा माणूस झाडाकडे वळला की काय करेल, तेच त्यांनी केलं: गोगलगाईला किंवा उंदराला जी कसोटी लावतात ती झाडाला लावली. सोबत इटलीतल्या फ्लॉरेन्सचे स्तेफानो मांकुसो आणि आणखी दोघे होते. शोधनिबंध २०१४ साली 'ओकोलोजिया' या नियतकालिकात छापून आला. ५६ कुंड्या होत्या, काही भरपूर उजेडात वाढवलेल्या, काही मंद उजेडात.

कुंडीच का आपटायची? बोटानं हात लावला तर दर वेळी जोर बदलतो, जागा बदलते. शिवाय बोट लावल्यावर मिटणं लाजाळूच्या फायद्याचं असू शकतं. कुणी खायला आलं असेल तर मिटलेलंच बरं. पण रुळावरून १५ सेंटीमीटर घसरण्याचा अनुभव या जातीच्या कुठल्याही झाडाला आजवरच्या आयुष्यात आलेला नाही, आणि त्यातून इजाही होत नाही. नवा, निरुपद्रवी, दर वेळी तंतोतंत तोच धक्का. प्रयोगातली ही निवड मला फार आवडते. पुढे निष्कर्षांवर कितीही वाद झाला तरी मांडणीतली ही अक्कल नाकारता येत नाही.

पान मिटतं ते कसं

वाद समजायला पानाचा सांधा समजून घ्यावा लागतो. लाजाळूच्या पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो तिथे एक फुगीर गाठ असते, तिला पल्व्हायनस म्हणतात. अशाच बारीक गाठी प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशीही असतात. गाठीतल्या पेशी पाण्यानं टच्च भरलेल्या असल्या की पान ताठ राहतं. धक्का बसला की विजेचा एक संकेत सेकंदाला साधारण दोन-तीन सेंटीमीटर वेगानं देठातून धावतो. तो गाठीशी पोचला की मुख्य गाठीच्या खालच्या बाजूच्या पेशींमधून पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडतात, त्यांच्या मागोमाग पाणी. खालची बाजू सैल पडते, वरची तशीच फुगलेली राहते, आणि देठ खाली झुकतो. टायरमधली हवा एका बाजूनं गेल्यासारखं. स्नायू नाही, मज्जातंतू नाही, सगळा पाण्याचा खेळ.

मिटायला एक-दोन सेकंद पुरतात. उघडायला मात्र दहा-वीस मिनिटं लागतात, कारण बाहेर गेलेले क्षार ऊर्जा खर्चून परत आत ओढावे लागतात, मगच पाणी परतते. वर तेवढा वेळ पानावर ऊन पडत नाही, म्हणजे अन्न बनण्यातही घट. लाजणं लाजाळूला महागात पडतं. म्हणूनच विनाकारण लाजणं टाळता आलं तर त्यात झाडाचा फायदा आहे, आणि ज्या झाडाला मुळातच उजेड कमी मिळतो त्याला हा फायदा जास्त. गाल्यानोंच्या प्रयोगात नेमकं तसंच दिसलं: मंद उजेडातली झाडं लवकर मिटायची थांबली.

पॅरिसची घोडागाडी

झाडांना धक्क्यांची सवय होते ही शंका जुनी आहे. पॅरिसच्या वनस्पती उद्यानातले प्राध्यापक रेने देफोंतेन यांची एक गोष्ट सांगतात. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी त्यांनी लाजाळूच्या कुंड्या घोडागाडीत चढवल्या आणि एका विद्यार्थ्याला शहरात फिरवून आणायला सांगितलं. फरसबंदीवर गाडी हादरायला लागताच सगळ्या लाजाळू मिटल्या. गाडी तशीच हादरत चाललेली, आणि थोड्या वेळानं पानं उघडली. विद्यार्थ्यानं टिपून ठेवलं म्हणे, की झाडांना सवय होतेय. १८७३ साली जर्मनीत वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनीही लागोपाठ धक्के दिले की लाजाळू प्रतिसाद देईनाशी होते हे नोंदवलं होतं.

आणि मग जगदीशचंद्र बोस. लाजाळू हे बोसांचं आवडतं झाड. १९१४ साली ते परदेशी व्याख्यानांना गेले तेव्हा लाजाळू सोबत नेली होती. पानाची हालचाल सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत आपोआप टिपणारं यंत्र त्यांनी स्वतः घडवलं होतं. या प्रकरणात बोसांचं एक निरीक्षण कळीचं आहे. लाजाळूला लागोपाठ छेडत राहिलं की तिचा प्रतिसाद मंदावत जातो, अति झालं तर थांबतोच, आणि पूर्ववत व्हायला तिला निदान अर्धा तास पूर्ण विश्रांती लागते. बोस याला थकवाच म्हणत.

म्हणजे न मिटणारी लाजाळू बोसांनी शंभर वर्षांपूर्वी पाहिलेली होती. नवीन गोष्ट एवढीच की गाल्यानोंनी तिला थकवा म्हणायला नकार दिला.

चाळीतलं बाळ

त्यांचा आधार काय होता, ते पाहू. समजा एक माणूस रेल्वे रुळांना लागून असलेल्या चाळीत राहायला आला. पहिले आठ दिवस प्रत्येक लोकलबरोबर त्याची झोपमोड होते. महिनाभरानं तो गाढ झोपतो. आता तो बहिरा झालाय का? नाही, कारण पाळण्यातलं बाळ कुरकुरलं की तो लगेच उठून बसतो. कान शाबूत, उठायची ताकद शाबूत, फक्त लोकल बिनमहत्त्वाची हे त्याच्या अंगवळणी पडलंय. हे सरावणं. याउलट मासळी बाजारात शिरल्यावर दहा मिनिटांनी वास येईनासा होतो, तेव्हा नाकच तात्पुरतं बधिर झालेलं असतं. आणि पाट्यावर वाटण करून हात भरून आला की आणखी वाटा म्हटलं तरी हात चालत नाही, तो थकवा. पैकी पहिलं तेवढं शिकण्यात मोडतं. बाकीची दोन नाहीत.

गाल्यानोंनी चाळीतल्या बाळाची कसोटी लावली. आपटून आपटून ढिम्म झालेल्या झाडांना त्यांनी वेगळ्या प्रकारे हलवलं, आडवे हादरे दिले. झाडं चटकन मिटली. म्हणजे सांधे थकलेले नव्हते, मिटायची ताकद होती. झाडाला 'आपटणं' आणि 'हलवणं' यांतला फरक कळला, आणि पहिलं ते दुर्लक्षण्याजोगं ठरलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

२०१८ साली त्याच नियतकालिकात रॉबर्ट बिग्लर यांनी उत्तर दिलं. ते प्राणी वर्तनाचे, शिकण्याचे अभ्यासक. झाड शिकूच शकत नाही, असा त्यांचा हट्ट नव्हता. त्यांचं म्हणणं: दिलेला पुरावा सरावणं सिद्ध करायला पुरेसा नाही, थकवा आणि बधिरपणा यानं बाद होत नाहीत. आक्षेपाचा गाभा मी माझ्या शब्दांत सांगतो. बाळाच्या रडण्यानं माणूस उठला, पण ते रडणं लोकलपेक्षा मोठ्यानं असेल तर? अर्धवट बहिरा माणूसही मोठ्या आवाजानं जागा होतो. हात भरून आलेला असला तरी साप दिसल्यावर तोच हात झटकन वर जातो. हलवण्याचा धक्का आपटण्यापेक्षा जोरदार असेल तर थकलेला, अर्धा बधिर सांधाही त्याला दाद देईल, आणि मग त्यावरून झाड शिकलं असं म्हणता येणार नाही. दोन धक्के एकाच ताकदीचे आहेत हे आधी, ताज्या झाडांवर, दाखवायला हवं.

प्राण्यांच्या बाबतीत ही शिस्त जुनी आहे. १९६६ साली रिचर्ड थॉम्पसन आणि विल्यम स्पेन्सर यांनी सरावणं ओळखायच्या नऊ खुणा लिहून ठेवल्या. त्यातली एक इथे महत्त्वाची: मध्ये दुसराच एखादा धक्का दिला की जुन्या धक्क्याचा प्रतिसाद परत जागा झाला पाहिजे. बाळ रडून झोपमोड झाली की पुढची लोकलही कानात घुसते, हा अनुभव ज्यानं घेतलाय त्याला हे वेगळं समजावायला नको. नुसतं दुसऱ्या धक्क्याला झाड मिटलं, इथे कसोटी संपत नाही. त्यानंतर कुंडी पुन्हा आपटली तर ते मिटायला हवं.

मला विचाराल तर हा आक्षेप योग्य आहे. गाल्यानो आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी त्याला उत्तर देऊन झाडं शिकतात आणि लक्षात ठेवतात हा दावा ठामपणे पुन्हा मांडला, पण धक्क्यांच्या ताकदीचा प्रश्न नुसत्या ठामपणानं सुटत नाही.

२८ दिवस

आता दुसरी बाजू, आणि ती खरोखर जड आहे. झाडं तशीच सोडून दिली. आठवड्यानं पुन्हा आपटली, तरी पानं उघडी. २८ दिवसांनी आपटली, तरीही. बोसांच्या थकलेल्या लाजाळूला अर्धा तास पुरत होता. थकवा २८ दिवस टिकत नाही, मासळीचा वासही २८ दिवस नाकाला चकवत नाही.

हा निकाल वाचून मी बरेच दिवस गाल्यानोंच्या बाजूला झुकलो होतो. मग एक जुनी गोष्ट आठवली, आणि पूर्ण झुकणं राहून गेलं. झाडांना सतत हात लावला, वाऱ्यानं हलवलं, तर ती बुटकी आणि जाड वाढतात. समुद्रकाठची, खडकावरची झाडं पाहणाऱ्याला हे नवीन नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत मॉर्डेकाय जॅफी यांनी या परिणामाचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि १९९० मध्ये जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस यांनी दाखवलं की नुसत्या स्पर्शानं रोपट्यातली काही विशिष्ट जनुकं तासाभराच्या आत जागी होतात. मग शेकडो आदळण्यांनी लाजाळूच्या गाठीतल्या पेशींच्या भिंतीच काहीशा टणक झाल्या असतील तर? तो बदल महिनाभर टिकेल. पण त्याला आठवण म्हणायचं का? टाचेला पडलेली भेग आणि घट्टा महिनोन्‌महिने टिकतो, आपण त्याला पायाची आठवण म्हणत नाही. (कुणी म्हणेलही. वनस्पतींची बुद्धी हा विषय निघाला की म्हणणारे भेटतातच.)

हा माझा तर्क आहे, सिद्ध केलेली गोष्ट नाही. पण २८ दिवसांचा आकडा एकटाच पुढे करून 'झाडाला स्मरणशक्ती असते' अशी वाक्यं समाजमाध्यमांवर फिरतात, तेव्हा हा घट्टा मला आठवतो.

शब्दांवरून नकार

शोधनिबंध छापून येण्याआधी दहा नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, असं गाल्यानो यांनी सांगितलं. आकड्यांबद्दल तक्रार नव्हती; अडचण होती ती भाषेची. 'शिकणं' हा शब्द झाडाला लावलेला परीक्षकांना चालत नव्हता. २०१३ साली व्हॅंकूवरच्या परिषदेत त्यांनी हे काम मांडलं तेव्हाही एका ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञानं हाच मुद्दा काढला: प्राणी शिकतात, झाडं उत्क्रांतीतून जुळवून घेतात. गाल्यानोंचा प्रतिप्रश्न चोख होता. जे या झाडांनी कधी अनुभवलेलंच नाही त्याच्याशी उत्क्रांतीनं आधीच कसं जुळवून ठेवलं असेल?

एक मराठी वाचक म्हणून मला या भांडणात थोडी गंमत वाटते. आपण या झाडाला लाज देऊन टाकलीय आणि कुणी हरकत घेतलेली नाही. पावसाळ्यात कोकणातल्या वाटेच्या कडेला, काटेरी आणि गुलाबी गोंड्यांची ही झुडपं काठीनं छेडत शाळेत जाणाऱ्या पोरांना कधी कुणी सांगितलं नाही की बाबांनो, याला लाज नाही, पोटॅशियम आहे. शिवाय झाड आपलं नव्हेच, उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेलं आहे. आपल्याकडची जुनी लाजरी वेगळी, पावसात उगवणारी ताडाच्या बाहुलीसारखी बुटुकली बायोफायटम, जी हात लावला की पर्णिका खाली पाडते. दोघींनाही आपण लाजच दिली. 'शिकली' म्हणायला शास्त्र मागतो आणि 'लाजली' म्हणायला काही मागत नाही, हे विसंगत आहे खरं. पण 'लाजाळू' या नावावर कुणी सिद्धान्त उभारलेला नाही, 'शिकली' या शब्दावर उभारले जातायत, म्हणून ही कडकपणाची अपेक्षा.

अशा कडकपणाची गरज का असते ते गाल्यानोंच्याच पुढच्या कामात दिसलं. २०१६ मध्ये त्यांनी मटाराच्या रोपांवर प्रयोग करून लिहिलं की वाऱ्याची झुळूक आणि उजेड यांची सांगड रोपं घालू शकतात, घंटा ऐकताच लाळ गाळणाऱ्या पावलॉव्हच्या कुत्र्यासारखी. २०२० मध्ये केसी मार्केल यांनी तोच प्रयोग जास्त रोपांवर, निकाल मोजणाऱ्याला कुठलं रोप कुठल्या गटातलं हे न कळू देता केला, आणि तसं काही दिसलं नाही. मटारचा निकाल डळमळला म्हणून लाजाळूचा खोटा ठरत नाही, दोन्ही प्रयोग वेगळे आहेत. पण एका प्रयोगशाळेतल्या एका निकालावर किती भार टाकायचा, याचं भान येतं.

चमकणारी लाजाळू

कुंड्यांचा वाद जिथे अडला तिथून पुढे जायची वाट मला जपानमध्ये दिसते. सैतामा विद्यापीठातल्या मासात्सुगु तोयोता यांच्या गटानं २०२२ साली जनुकबदल करून अशी लाजाळू तयार केली की पेशीत कॅल्शियम वाढलं की तिथे ती चमकते. पानाला इजा केली की चमक देठातून धावत जाताना दिसते, आणि ती गाठीशी पोचल्यावर सेकंदाच्या दहाव्या हिश्शात पान हलतं. त्यांनीच गाठी नसलेली, म्हणून मिटूच न शकणारी लाजाळूही बनवली. टोळ सोडले तेव्हा त्यांनी मिटणाऱ्या झाडापेक्षा न मिटणाऱ्या झाडाची पानं कितीतरी जास्त खाल्ली. मिटण्याचा उपयोग काय, या जुन्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं.

माझ्या डोक्यात मात्र हीच चमकणारी लाजाळू गाल्यानोंच्या पट्टीवर चढते. तिला ६० वेळा आपटा आणि पाहा. साठाव्या वेळी चमक उठलीच नाही, तर आपटणं टिपणारा भाग बधिर झालाय किंवा संकेत उगमापाशीच अडवला जातोय. चमक गाठीपर्यंत आली आणि पान तरीही हललं नाही, तर गाठ थकलीय किंवा टणक झालीय. आणि चमक अर्ध्या वाटेत विरली, तर मात्र झाडात कुठेतरी 'हे सोडून दे' असं ठरतंय असं म्हणायला जागा मिळेल. पाच मिनिटांच्या या दृश्यानं मराठीतल्या त्या क्रियापदांपैकी कुठलं वापरायचं ते बऱ्याच अंशी ठरेल.

तोवर घरच्या कुंडीत ढोबळ चाचणी करता येते. एकच पान निवडा. बोट नको, गवताची काडी घ्या, दर वेळी त्याच जागी, तेवढ्याच हलक्या हातानं. कितव्या स्पर्शाला पान मिटेनासं होतं ते मोजा. मग कुंडीला एक हलका धक्का द्या, पान मिटलं तर उघडू द्या, आणि पुन्हा काडी लावा. शेवटच्या काडीलाच खरी किंमत आहे, आणि नेमकी तीच लावायचा कंटाळा येतो. शेजारी न छेडलेली एक लाजाळू ठेवा, नाहीतर ढगाळ हवेचा परिणाम आणि काडीचा परिणाम वेगळा काढता येणार नाही. आणि हे सगळं सकाळी करा. दिवेलागणीनंतर लाजाळू कुणी हात न लावताही पानं मिटून घेते.